कुंडीतली माती जिवंत आहे की मेलेली? (जिवाणू खतांचे खरे अनुभव सांगा)

मनीषनगरवाली | १४ एप्रिल, रात्री १०:२०

गेली तीन वर्षं गच्चीवर बाग करतेय. बावीस कुंड्या, आठ सिमेंटच्या, बाकी रंगाच्या बादल्या. मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी डोक्यात भरवलं की खतांनी काही होत नाही, मातीत जिवाणू हवेत. झालं. रायझोबियम आणलं, अझोटोबॅक्टर आणलं (दोन्ही जिवाणू नत्रासाठी), पीएसबी आणलं (स्फुरद सोडवणारे जिवाणू), ट्रायकोडर्मा आणला (रोगांवरची बुरशी). दुकानदार म्हणाला, "ताई, सगळं एकदमच टाका, डबल रिझल्ट." टाकलं. पुड्या फ्रीजमध्ये पालकाच्या जुडीशेजारी ठेवल्या म्हणून सासूबाईंनी दोन दिवस फ्रीजला हात लावला नाही, तो भाग वेगळा.

निकाल: लिंबाचं झाड पिवळं ते पिवळंच. टोमॅटो होते तेवढेच. आणि ज्या मोगऱ्याला काहीच दिलं नाही तो मात्र फुलून बसलाय.

मला एवढंच विचारायचंय की हे जिवाणू खरंच काही करतात, की पुडीत नुसती कोळशाची भुकटी असते? लेबलवर इतके कोटी न् तितके कोटी लिहिलेलं असतं, मोजलंय कुणी?

काटोलचा_बागवान | १४ एप्रिल, रात्री १०:४१

ताई, टाकलं कधी? एप्रिलात? मग ते बिचारे भाजूनच मेले असतील ना! आमच्या वावरात या दिवसांत दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. तुमची तर सिमेंटची कुंडी, खाली स्लॅब, वरून बेचाळीस डिग्री. हात घालून पाहा दुपारी दोन वाजता.

शंकासूर | १४ एप्रिल, रात्री ११:०५

मी आधीच सांगतो, माझं मत बदलणार नाही. झाडाला नत्र, स्फुरद, पालाश लागतं. ते युरियात आहे, सुपर फॉस्फेटमध्ये आहे, पोटॅशमध्ये आहे. पुडीतले अदृश्य पाहुणे काय करतात ते मला कुणी दाखवलेलं नाही. अदृश्य गोष्टी विकणं हा जगातला सगळ्यात जुना धंदा आहे.

मायक्रोवाली | १५ एप्रिल, सकाळी ७:५०

शंकासूर काका, अदृश्य आहेत हे मान्य, पण त्यांचं काम डोळ्यांनी दिसतं. चवळीचं किंवा भुईमुगाचं फुलोऱ्यातलं एक झाड मुळासकट उपटा (खेचू नका, खुरप्यानं माती सैल करून काढा). मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर रायझोबियमचा कारखाना चालू आहे. पांढरी असेल तर कच्ची किंवा कामचुकार, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपत आलंय.

तो गुलाबी रंग म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं चुलत भावंड. हवेतला नत्र पकडणारं जिवाणूचं विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की बिघडतं, पण जिवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच. मग झाड हे लाल द्रव्य तयार करतं आणि गाठीत प्राणवायू मोजून-मापून सोडतं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला त्यातला कणसुद्धा थेट घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात तोच नत्र फोडायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. ही गाठ ते काम आपल्या वावराच्या तापमानात करते.

१८८६ ते ८८ या दोन-तीन वर्षांत जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी गाठींचा आणि नत्राचा संबंध दाखवला, आणि १८८८ मध्ये बायरिंकनं तो जिवाणू वेगळा काढून वाढवला. म्हणजे हा कालचा फॅशनचा विषय नाही. (बी.एस्सी. दुसरं वर्ष, मायक्रो. परीक्षा चालू आहे आणि मी इथे आहे.)

शंकासूर | १५ एप्रिल, सकाळी ८:१५

परीक्षेचा अभ्यास कर बाळा.

पण गाठी शेंगवाल्या पिकांना. लिंबाला काय? टोमॅटोला काय?

काळीमाती५५ | १५ एप्रिल, दुपारी १२:३०

प्रश्न बरोबर आहे आणि धागाकर्तीचं उत्तरही त्यातच आहे. मी अठ्ठावीस वर्षं माती तपासली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

लिंबाच्या कुंडीत रायझोबियम टाकणं म्हणजे वऱ्हाड चुकीच्या मांडवात नेणं. तिथे नवरीच नाही. शेंगवर्गातही प्रत्येकाचं बिऱ्हाड ठरलेलं असतं. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. तूर, मूग, चवळी, भुईमूग यांचं मात्र बऱ्यापैकी एकच खटलं आहे आणि त्यांचे जिवाणू आपल्या जमिनींत मुळातच असतात. सोयाबीन बाहेरचं पीक, म्हणून नव्या जमिनीत पहिल्यांदा पेरताना त्याचं कल्चर (पुडीतले जिवाणू) लावलं तर फरक ठळक दिसतो. तेच वावर दहा वर्षं सोयाबीनखाली असेल तर फरक कमी, कारण पाहुणे आधीच घरजावई झालेले असतात.

लिंबू-संत्र्याची गोष्ट निराळी. या झाडांच्या मुळांना केसमुळं फार आखूड आणि विरळ. त्यांचं पोट मायकोरायझा नावाच्या बुरशीवर चालतं. ती मुळाच्या आत घर करते आणि तिचे तंतू बाहेर मातीत लांबवर पसरतात. स्फुरद मातीत जागचा हलत नाही. मुळानं आपल्याभोवतीचा संपवला की पुढचा आपण होऊन चालत येत नाही. हे तंतू केसापेक्षा बारीक असल्यानं मूळ शिरणार नाही अशा फटीत शिरतात आणि तिथला स्फुरद घेऊन येतात. बदल्यात झाड आपण बनवलेल्या साखरेचा ४ ते २० टक्के हिस्सा या बुरशीला देतं. एवढी मजुरी फुकटात कोण देईल?

अमेरिकेत संत्रावर्गीय रोपवाटिकांत रोग नको म्हणून माती वायूनं निर्जंतुक करायचे. रोपं निरोगी असूनही खुजी राहायची. खत वाढवलं तरी तीच गत. १९७२ मध्ये कारण उजेडात आलं: रोगाबरोबर मायकोरायझाही मेली होती. ती परत दिल्यावर रोपं वाढली.

आता ताई, एक सांगा. तुमच्या लिंबाची जुनी पानं पिवळी आहेत की नवी? आणि शिरा हिरव्या आहेत का?

मनीषनगरवाली | १५ एप्रिल, दुपारी ४:१०

काका, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. पाणी बोअरचं आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो.

काळीमाती५५ | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:००

मग ती नत्राची भूक नाही, लोहाची आहे. नत्र कमी पडला तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. तुमच्या बोअरच्या पाण्यानं कुंडीत तीन वर्षं चुना साठवला. मातीत लोह असेलही, पण चुनखडीत ते कुलूपबंद होतं. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर माझं म्हणणं खरं.

गंमत म्हणजे या कुलपाची किल्लीसुद्धा काही जिवाणूंकडे असते. स्युडोमोनाससारखे जिवाणू लोह पकडणारे रेणू सोडतात; त्यातून रोगाच्या बुरशीचा घास हिसकावला जातो आणि काही वेळा झाडालाही लोह मिळतं. पण इतक्या चुन्यापुढे चमचाभर पुडीनं काही होणार नाही. वरची दोन-तीन इंच माती बदला, पावसाचं पाणी साठवून द्या, आणि तोवर चिलेटेड लोह (चुन्यात सहज अडकू नये असं बांधलेलं).

शंकासूर | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:२२

म्हणजे शेवटी औषध दुकानातूनच. बरं वाटलं ऐकून.

काटोलचा_बागवान | १५ एप्रिल, रात्री ९:३०

शंकासूर भाऊ, आमच्याकडे या एकदा. मृगाच्या बहाराची संत्री खाऊ घालतो, मग बोलू.

माझी बाग पंधरा एकराची. आठ वर्षांपूर्वी डिंक्यानं झाडं धरली. खोडातून डिंक गळून राहिला होता, पानं पिवळी, झाड उभ्या उभ्या वाळून जाय. चाळीस झाडं गेली. बोर्डो मलम (मोरचूद म्हणजे तांबं, अन् चुना) लावत होतोच. पण चूक आमची आम्हीच करून राहिलो होतो. मोकाट पाणी द्यायचो, ते खोडाला लागायचं. हा रोग करणारी फायटोफ्थोरा खरी बुरशी नव्हे, पाण्यात पोहणारी जात आहे म्हणतात. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत आम्हीच तिला पोहत पोहत नेऊन राहिलो होतो.

मग दुहेरी आळं केलं, खोड कोरडं ठेवलं. आणि ट्रायकोडर्मा. पण पुडी फाडून पाण्यात घोळून टाकली नाही. शंभर किलो चांगलं कुजलेलं शेणखत घेतलं, किलोभर ट्रायकोडर्मा मिसळला, झाडाखाली ढीग केला, वरून ओलं गोणपाट. दहा-बारा दिवसांत ढिगावर हिरवी-पांढरी बुरशी चढते. मग ते आळ्यात. बोर्डो खोडाला, ट्रायकोडर्मा मुळाला, अन् दोन्हीत पंधरा दिवसांचं अंतर. तांबं बुरशीचं वैरी, ते आपली न् परकी ओळखत नाही.

कशानं फरक पडला विचाराल तर इमानदारीनं सांगतो, निम्म्याहून जास्त श्रेय पाणी बदलल्याचं. ट्रायकोडर्मा नुसता टाकला असता अन् पाणी तसंच मोकाट ठेवलं असतं तर पैसे पाण्यातच गेले असते.

मायक्रोवाली | १५ एप्रिल, रात्री १०:०२

दादा, ही पोस्ट आमच्या वर्गाच्या भिंतीवर चिकटवायला हवी. ट्रायकोडर्मा परक्या बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळं घालतो आणि तिची भिंत विरघळवून तिला खातो. पण त्यालाही आधी घर आणि जेवण लागतं. तुम्ही त्याला शेणखताच्या ढिगात आधीच पोसलंत. आम्ही कुंडीत उपाशी सोडतो आणि म्हणतो काम कर.

बांधीवरचा | १६ एप्रिल, सकाळी ६:४०

धानवाल्यांचंही लिहा कुणी. भंडाऱ्याकडचा आहे मी. आमच्या बांधीत पाणी उभं असतं, तिथे ना गाठी ना ट्रायकोडर्मा. आमचं शेवाळ. लहानपणी आजा म्हणायचा, पाण्यावर हिरवी साय धरली की धान खुश. आम्हाला वाटायचं म्हातारा बोलून राहिला काहीतरी. पुढे कळलं की १९३९ मध्येच पी. के. डे यांनी दाखवलं होतं, धानाच्या बांधीतलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरतं. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीच्या पानातही तेच भाडेकरू राहतात. मात्र युरिया पोत्यानं मारला की ते काम सोडून देतं. फुकट रेशन मिळालं तर कोण राबेल?

मनीषनगरवाली | १६ एप्रिल, सकाळी ९:१५

फसफसलं! व्हिनेगर टाकल्याबरोबर ढेकळाला फेस आला. सासूबाई म्हणाल्या, इनो टाकलंस का?

पण मग जीवामृत? आमच्या गल्लीत दोघं जण त्याच्यावरच बाग करतात आणि त्यांची वांगी बघून मला झोप येत नाही.

शंकासूर | १६ एप्रिल, सकाळी ११:४०

जीवामृताचा हिशेब मी मांडतो. सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, २०१६ चे पद्मश्री. त्यांच्या पद्धतीत एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. शेणात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे पन्नासेक ग्रॅम. गोमूत्राचे, बेसनाचे मिळवा. सगळं मिळून पाव किलोच्या आसपास. कपाशीला एकरी कित्येक किलो नत्र लागतो. आता बोला.

काळीमाती५५ | १६ एप्रिल, दुपारी १:०५

हिशेब चोख आहे, दाद देतो. पण जीवामृताला तुम्ही जेवण समजून तोललंत. ते विरजण आहे. चमचाभर विरजणात किती प्रथिनं म्हणून कुणी मोजतं का? दूध किती आहे ते विचारायचं.

दूध म्हणजे इथे सेंद्रिय पदार्थ. ज्या जमिनीत पालापाचोळा आहे, ओल आहे, तिथे विरजण लागतं. उन्हात उघडी, कोरडी, पऱ्हाट्या जाळलेली जमीन असेल तर कितीही विरजण घाला, पाण्याचं दही होत नाही. माझा आक्षेप जीवामृताला नाही, 'दुसरं काहीच नको' या दाव्याला आहे. पीक बाजारात गेलं की त्यातला पालाश, स्फुरद, जस्तही गेलं. ते जिवाणू हवेतून आणू शकत नाहीत. हवेतून फक्त नत्र येतो.

पीएसबीचंही तसंच. सुपर फॉस्फेट टाकलं की आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत बराचसा स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. पीएसबी आम्ल सोडून तो सोडवतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत हे फार सुंदर दिसतं, वसाहतीभोवती स्वच्छ कडं पडतं. वावरात मात्र चुना ते आम्ल गिळून टाकतो. म्हणून एकाच्या शेतात फायदा, दुसऱ्याच्या शेतात शून्य. दोघंही खरं बोलत असतात.

मायक्रोवाली | १६ एप्रिल, दुपारी २:३०

ताईच्या पहिल्या प्रश्नाचं राहिलंच. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीतल्या रायझोबियम, अझोटोबॅक्टर, पीएसबीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. भुकटी बहुधा लिग्नाइटची असते, म्हणून कोळशासारखी दिसते. फसवणूक नाही ती. पण हे ५ कोटी सावलीत, थंड जागी ठेवले तर. पत्र्याच्या शेडखाली मे महिना काढलेल्या पुडीत किती उरले हे लेबल सांगत नाही. तुमच्या दुकानात पुड्या कुठे ठेवल्या होत्या?

मनीषनगरवाली | १६ एप्रिल, दुपारी ३:००

दारातल्या काचेच्या कपाटात. पश्चिमेकडे तोंड. 😶

काटोलचा_बागवान | १६ एप्रिल, दुपारी ३:१२

सासूबाईंशी भांडण उगाच झालं म्हणायचं. पुडी फ्रीजमध्ये यायच्या आधीच तेरावं झालं होतं.

काळीमाती५५ | १६ एप्रिल, संध्याकाळी ५:४५

अगदीच तसं नाही. बॅसिलस जातीचे असतील तर ते बीजाणू करून उन्हाळा काढतात. रायझोबियमला ती कला नाही. आणखी दोन गोष्टी: बियाण्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून, लगेच पेरणी. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. आणि नळाचं पाणी वापरणार असाल तर रात्रभर उघडं ठेवून, क्लोरीन उडू द्या.

कुंडीवर आच्छादन करा. नागपूरच्या उन्हाळ्यात याहून मोठं जिवाणू खत नाही.

मनीषनगरवाली | १६ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

कूलरच्या जुन्या टट्ट्या (लाकडाच्या भुशाच्या) आच्छादनाला चालतील का? मागच्या वर्षीच्या चार पडल्यात.

काळीमाती५५ | १६ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

हा नागपुरी प्रश्न मला आवडला. चालतील, पण दोन अटी. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या असतील तर त्यांवर चुन्याचा थर आहे, तोच ज्यानं लिंबू पिवळं पडलं. आधी झटकून, भिजवून धुवा, आणि लिंबाला तरीही नको. दुसरं, वर पसरा, मातीत मिसळू नका. लाकडाचा भुसा मातीत गेला की तो कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलाच नत्र उसना घेतात आणि झाड काही महिने उपाशी राहतं. आपले मित्र आहेत म्हणून झाडाच्या ताटातलं खात नाहीत असं नाही.

शंकासूर | १७ एप्रिल, सकाळी ८:००

हे पहिलं वाक्य जे मी फ्रेम करून लावेन.

ताई, एक प्रयोग करा. दोन सारख्या कुंड्या, एकच माती, चवळी. एकीत ताजं कल्चर, दुसरीत काही नाही. मिरगाचा पाऊस पडल्यावर लावा. फोटो टाका. मी हरलो तर सावजी माझ्याकडून.

मायक्रोवाली | १७ एप्रिल, सकाळी ८:०४

साक्षीदार म्हणून मीही येणार. तर्री कमी.

---

मनीषनगरवाली | ९ ऑगस्ट, दुपारी ४:४०

धागा वर काढतेय. दोन्ही कुंड्यांतली चवळी आज मुळासकट काढली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लावली होती, कल्चर कृषी महाविद्यालयाच्या बाजूनं येताना ताजं आणलं, थंड पिशवीत.

कल्चरवाली: गाठी भरपूर, फोडल्या तर गुलाबी.
बिनकल्चरवाली: गाठी... तेवढ्याच. गुलाबी. झाडंही सारखीच उंच.

शंकासूर काका, तुम्ही जिंकलात ना?

शंकासूर | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

गाठी बघून मी जिंकलो की हरलो तेच कळेना. पुडीनं फरक पडला नाही, म्हणजे जिंकलो. पण पुडीशिवाय ते गुलाबी पाहुणे आलेच कुठून?

काळीमाती५५ | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५५

मातीतूनच. चवळीचे जिवाणू इथलेच, हे एप्रिलमध्ये लिहिलं होतं. हाच प्रयोग न वापरलेल्या कोकोपीटमध्ये केला असता तर निकाल बहुधा वेगळा आला असता. ताई, लिंबाचं काय?

मनीषनगरवाली | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

वरची माती बदलली, दोनदा लोह दिलं, जुलैभर पावसाचंच पाणी. नवी पानं हिरवी आली आहेत, जुनी तशीच. माहेरी गेले होते तेव्हा बाबांच्या जुन्या लिंबाखालची पाचोळ्याची माती पिशवीभर आणून आळ्यात मिसळली. काकांनी मायकोरायझाचं सांगितल्यापासून तेच डोक्यात होतं. कशानं सुधारलं ते आता सांगता येणार नाही, सगळं एकदमच केलं. दुकानदारासारखं.

काटोलचा_बागवान | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

जुन्या झाडाखालची माती आणताना झाड निरोगी होतं ना पाहिलं? डिंक नव्हता ना खोडावर? मित्रांच्या पिशवीत फायटोफ्थोरापण बसून येतो.

मनीषनगरवाली | ९ ऑगस्ट, रात्री ९:०८

बाबांना आत्ता फोन लावला. ते बॅटरी घेऊन खोड बघायला गेलेत.